जठराची रचना आणि शाळेतील मूल

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



मराठी भाषेत 'पोट' या शब्दाइतके ओझे वाहणारा शब्द क्वचितच सापडेल. पोट भरते, पोट दुखते, पोट सुटते, पोट चालते. माणूस पोटासाठी गाव सोडतो, आई लेकराचा अपराध पोटात घालते आणि परीक्षेच्या दिवशी मुलाच्या पोटात गोळा येतो. भाषेचे हे वैभव खरेच. परंतु शरीरशास्त्राचा पाठ शिकविताना हेच वैभव अडचणीचे ठरते. "जठर कोठे आहे ते दाखवा," असे वर्गात म्हटले की बहुतेक मुले बेंबीवर हात ठेवतात, आणि पुष्कळदा फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकांचाही हात तेथेच जातो. पोट म्हणजे छातीखालचा सगळा प्रदेश. जठर म्हणजे त्या प्रदेशातील एक पिशवी. हा भेद एका गुणाच्या प्रश्नापुरता नाही. मूल "गुरुजी, पोट दुखतंय" म्हणून पुढे येते, तेव्हा शिक्षकाला या प्रदेशाचा नकाशा ठाऊक असणे किंवा नसणे यावर त्या मुलाचे पुष्कळ काही अवलंबून असते.

जठराचे खरे ठिकाण बेंबीच्या बरेच वर आणि डावीकडे आहे. छाती व पोट यांच्यामध्ये मध्यपटल नावाचा स्नायूंचा एक घुमटाकार पडदा आहे. त्या घुमटाच्या डाव्या बाजूखाली, शेवटच्या फासळ्यांच्या आड, जठराचा वरचा फुगीर भाग बसलेला असतो. त्याच्या उजवीकडे व थोडे पुढे यकृत, डाव्या कडेला पानथरी, पाठीमागे स्वादुपिंड आणि खाली मोठ्या आतड्याचा आडवा भाग असे त्याचे शेजारी आहेत. पडद्याच्या वरच्या अंगाला हृदय व डावे फुप्फुस. सणाच्या जेवणानंतर श्वास आखूड झाल्यासारखा वाटतो तो याच शेजारामुळे: भरलेले जठर पडदा वर ढकलते आणि फुप्फुसाला फैलावण्यास जागा कमी उरते.

भिंतीवरच्या तक्त्यात जठर नेहमी एकाच ठरीव आकाराचे दिसते. त्या चित्रावर फार विसंबून राहू नये. जिवंत माणसाचे जठर आडवे निजल्यावर एका आकाराचे, उभे राहिल्यावर दुसऱ्या आकाराचे असते; ठेंगण्या व रुंद बांध्याच्या माणसात ते आखूड व आडवे, तर उंच व सडपातळ माणसात लांब व लोंबते असते. उभ्या माणसाचे भरलेले जठर कधी कधी बेंबीच्या पातळीपर्यंत, क्वचित तिच्याही खाली उतरते. म्हणजे बेंबीवर हात ठेवणारे मूल अगदीच चुकते असे नाही. पण त्या पिशवीचे तोंड आणि तिचा मोठा भाग वर फासळ्यांच्या आड आहे, हे त्याला सांगितले पाहिजे. मुलाला स्वतःच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या फासळ्या चाचपडून पाहण्यास सांगावे. तक्त्यापेक्षा हा पाठ अधिक टिकतो.

याच संदर्भात बेंबी सरकण्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. मुलाच्या पोटात कळ आली की बेंबी सरकली असे म्हणून पोट चोळणे, पायाचे अंगठे ओढणे, बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घालणे हे उपाय अजूनही काही ठिकाणी चालतात. बेंबी म्हणजे नाळ गळून पडल्यावर पोटाच्या भिंतीवर राहिलेला वण होय. ती कोणत्याही अवयवाचे झाकण नाही आणि ती सरकत नाही. असे उपाय करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू मायेचा असतो, तेव्हा त्यांची चेष्टा करू नये. परंतु दुखणाऱ्या पोटावर जोराने चोळणे का धोक्याचे ठरते, ते पुढे येईलच.

आता पिशवीची घडण. प्रौढ माणसाचे जठर लांबीला सुमारे वीतभर असते. त्याला दोन कडा आहेत: उजवीकडची आखूड व आत वळलेली, डावीकडची लांब व बाहेर फुगलेली. त्याला दोन दारे आहेत. वरच्या दाराने अन्ननलिका जठरात शिरते. हे दार हृदयाच्या इतके जवळ आहे की पाश्चात्त्य वैद्यकात त्याला हृदयवाचक ग्रीक शब्दावरूनच नाव मिळाले. या दाराची मिठी ढिली पडली आणि जठरातील आंबट रस वर आला, की माणूस छातीवर हात ठेवून "जळजळतंय" म्हणतो. रस जठराचा, जळते मात्र अन्ननलिका. दुसरे दार खालच्या, उजव्या टोकाला आहे. त्याला जठरनिर्गम म्हणतात, आणि ते लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ग्रहणीत, उघडते. या दाराभोवती स्नायूंचे जाड कडे असते. आजोबांच्या कमरेच्या चंचीचे तोंड दोरी ओढली की आवळते आणि सैल केली की उघडते, तशीच येथील योजना समजावी. फरक इतकाच की ही चंची एका वेळी चमचा-दोन चमचे माल बाहेर सोडते आणि पुन्हा मिटते.

जठराची भिंत चार थरांची आहे. सर्वांत बाहेर गुळगुळीत, ओलसर पातळ आवरण असते. त्यामुळे शेजारच्या अवयवांवरून ही पिशवी न घासता सरकते. त्याच्या आत स्नायूंचा थर. अन्नमार्गाच्या बाकीच्या लांबीत स्नायूंचे दोनच पदर आहेत, एक उभा आणि एक गोल. जठरात त्यांच्या आत तिरप्या तंतूंचा तिसरा पदर असतो. ओले धुणे पिळताना हात जसे निरनिराळ्या दिशांनी फिरतात, तसे हे तीन पदर अन्नाला दाबतात, पिळतात आणि घुसळतात. दर मिनिटाला साधारण तीन लाटा जठराच्या मध्यभागातून निघून निर्गमदाराकडे जातात. दार बहुतेक वेळ मिटलेले असल्याने अन्न तेथे आपटून परत फिरते, आणि या येरझाऱ्यांत भाकरीचा तुकडा पिठल्यासारखा पातळ लगदा होतो. स्नायूंच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू वागविणारा मऊ थर, आणि सर्वांत आत श्लेष्मकला, म्हणजे जठराचे अस्तर.

हे अस्तर रिकाम्या जठरात लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणे घड्या घालून बसलेले असते. जेवण येऊ लागले की निऱ्या सुटतात. रिकाम्या जठराची पोकळी अर्ध्या वाटीहूनही कमी असते. भरल्यावर प्रौढाच्या जठरात लिटर-दीड लिटर ऐवज सहज मावतो. मुले येथे हमखास एक प्रश्न विचारतात: बाजारात मिळणारी वजडी ती हीच का? वजडी ही शेळ्यामेंढ्यांच्या पोटाची असते, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांचे पोट चार कप्प्यांचे असते. टॉवेलासारखा खरखरीत आणि मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार भाग हे त्यांतील पहिले दोन कप्पे होत. माणसाच्या जठराशी मिळताजुळता कप्पा चौथा. ज्या गावात मुले रोज गोठ्यात वावरतात, तेथे ही तुलना शिक्षकाने जरूर करावी. केवळ वजडी दाखवून हेच माणसाचे जठर असे सांगू नये.

अस्तर डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर लक्षावधी बारीक छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्राच्या तळाशी ग्रंथी आहेत आणि त्यांतील पेशींनी कामे वाटून घेतली आहेत. काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. काही पेशी पेप्सीनचे पूर्वरूप सोडतात. आम्लाचा स्पर्श होताच त्याचे पेप्सीन बनते आणि ते डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने तोडू लागते. काही पेशी केवळ बुळबुळीत श्लेष्म तयार करतात. सर्व मिळून दिवसाला सुमारे दोन लिटर रस जठरात उतरतो. जठरातील आम्ल उग्र असते. अन्नाबरोबर गेलेले पुष्कळसे रोगजंतू त्यात मरतात. सगळे मात्र मरत नाहीत, म्हणून जेवणापूर्वी हात धुण्यावाचून गत्यंतर नाही.

एवढा तीव्र रस स्वतः जठराला कसा खात नाही, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच, आणि तो टाळू नये. अस्तरावर श्लेष्माचा जाडसर लेप असतो. त्या लेपात सोड्याच्या जातीचे क्षार असल्यामुळे पेशींना भिडण्यापूर्वीच आम्ल निष्प्रभ होते. शिवाय अस्तराच्या वरच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. दरवर्षी सारवण-लिंपण करून मातीचे घर टिकवावे, तसे हे अस्तर अखंड लिंपले जाते. वर्गात दाखविण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे: कोमट दुधात लिंबू पिळावे. दूध फाटते. तान्हे मूल कधी कधी फाटलेले दूध टाकते आणि आई घाबरते. जठरात आंबट रस असल्याने दूध तेथे असेच फाटणार, त्यात दूध बाधल्याची खूण काही नाही.

अन्न जठरात पचते ते कशाने, याविषयी फार काळ वाद होता. आपल्याकडे जठराग्नी हा शब्द रूढ आहे, आणि अग्नीची ती कल्पना उपमा म्हणून अर्थपूर्ण आहे. युरोपातही कोणी पोटातील उष्णतेने अन्न शिजते म्हणत, कोणी ते जात्याप्रमाणे दळले जाते म्हणत, तर कोणी ते कुजते असे म्हणत. १७५२ साली फ्रान्समधील रेओम्यूर यांनी धातूच्या, दोन्ही टोकांना जाळी लावलेल्या नळीत मांस घालून ती पाळलेल्या घारीला गिळविली. घार न पचलेल्या वस्तू ओकून टाकते. नळी बाहेर आली तेव्हा मांस दळले जाणे शक्य नसतानाही विरघळले होते. पुढे इटलीतील स्पालान्झानी यांनी अन्नाच्या कापडी पुरचुंड्या आणि लाकडी नळ्या स्वतः गिळून हेच पडताळून पाहिले. १८२४ साली इंग्लंडातील विल्यम प्राउट यांचे जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. परंतु जिवंत माणसाच्या जठरात प्रत्यक्ष डोकावण्याची संधी मिळाली ती एका अपघातामुळे. ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण मुलांना ती विसरता येत नाही.

अमेरिकेत ह्यूरॉन सरोवराच्या मुखाशी मॅकिनॅक नावाचे बेट आहे. तेथे फर, म्हणजे केसाळ कातडी, विकणाऱ्या कंपनीचे दुकान होते. ६ जून १८२२ रोजी त्या दुकानात एका माणसाच्या हातातील बंदूक चुकून उडाली आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या आलेक्सी सें मार्तां या तरुणाला छातीच्या डाव्या बाजूखाली छर्रे लागले. तो कॅनडातील फ्रेंच बोलणारा, होड्या वल्हवून माल वाहणारा गरीब मजूर होता. फासळ्या फुटल्या, फुप्फुसाचा भाग बाहेर आला आणि जठराला भोक पडले. लष्करी ठाण्यावरील शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांना तो वाचेल अशी आशा नव्हती. पहिले सतरा दिवस खाल्लेले सर्व अन्न जखमेवाटे बाहेर येत होते. तरी तो वाचला. जखम भरली, पण भोक बुजले नाही; जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटून एक कायमची खिडकी तयार झाली आणि काही काळाने तिच्यावर अस्तराचीच एक घडी पडद्यासारखी लोंबू लागली. बोटाने तो पडदा सारला की जठर आतून दिसे.

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता बोमाँट यांनी शिजलेले व कच्चे मांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून खिडकीतून आत सोडले. तासाभराने दोरा ओढून पाहिला: कोबी व पाव सुमारे निम्मे विरघळले होते, मांस जसेच्या तसे होते. पुन्हा सोडून आणखी एका तासाने पाहिले, तेव्हा कोबी, पाव आणि काही मांसही दोऱ्यावरून नाहीसे झाले होते. नंतर त्यांनी जठरातील रस काढून बाटलीत घेतला, शरीराइतक्या उष्णतेवर ठेवला आणि त्यात मांस टाकले. बाटलीतही मांस विरघळले. वेळ मात्र अधिक लागला. रस थंड ठेवला तर काही घडेना. दळणे नव्हे, कुजणे नव्हे, नुसती उष्णताही नव्हे. रसाचे काम, आणि त्याला उष्णतेची व घुसळण्याची जोड, असा निर्णय झाला. रिकाम्या जठरात रस साचून राहत नाही, अन्न आले की तो पाझरतो, हेही त्यांनी पाहिले. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेस आली: आलेक्सी रागावला वा घाबरला की अस्तराचा रंग पालटे, त्याचा ओलावा कमी होई आणि पचन मंदावे. १८३३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पचनाचे शास्त्र नव्या पायावर उभे राहिले.

या कथेची दुसरी बाजू वर्गात सहसा सांगितली जात नाही, ती सांगावी. आलेक्सीला लिहिता-वाचता येत नव्हते. १८३२ साली त्याच्याशी वर्षाला १५० डॉलर व अन्नवस्त्र असा करार झाला, त्यात त्याने आपले जठर प्रयोगासाठी खुले ठेवावयाचे होते. शिवाय तो डॉक्टरांच्या घरी लाकडे फोडण्यासारखी चाकरीही करीत असे. प्रयोगांना कंटाळून तो एकदा न सांगता कॅनडाला निघून गेला, तेथे लग्न केले, मुलेबाळे झाली; पोटाची गरज पुन्हा त्याला डॉक्टरांकडे घेऊन आली. शेवटी १८३४ नंतर तो परत गेलाच नाही. पोटाला भोक असलेला हा माणूस १८८० सालापर्यंत जगला. त्याच्या मृत्यूनंतर डॉक्टरांना ते जठर हवे होते. घरच्यांनी देह मुद्दाम काही दिवस तसाच राहू दिला आणि नेहमीपेक्षा खोल खड्डा खणून पुरला, की कोणी उकरून नेऊ नये. शास्त्राने त्याचे उपकार मानले ते पुष्कळ उशिरा.

भीती आणि पचन यांचा जो संबंध बोमाँट यांना दिसला, त्याचे कारण पुढे कळले. मेंदूतून निघणारा एक लांब मज्जातंतू जठरापर्यंत येतो. रशियातील पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की अन्न जठरात पोचण्यापूर्वीच, नुसत्या दर्शनाने व चवीने, रस पाझरू लागतो. पचनावरील या कार्यासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेच्या स्वयंपाकघरातून खिचडीचा वास आला की शेवटच्या तासाला मुलांचे लक्ष उडते, ते मुलांच्या द्वाडपणामुळे नव्हे. उलट, पाढा न आल्यास मार बसेल या भीतीने ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याच्या पोटात खरोखरच काही घडत असते. त्या मुलाचे दुखणे बतावणीचे नाही. त्याचे औषध दवाखान्यात नसून बहुधा वर्गातच असते.

जठराच्या कामांपैकी सर्वांत मोठे काम साठवणीचे. अन्नातील सत्त्व शोषून घेण्याचे काम जवळजवळ सगळे लहान आतड्यात होते. १८९७ साली झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी एका रुग्णाचे संपूर्ण जठर काढून टाकले आणि ती बाई वर्षाहून अधिक काळ जगली. आजही कर्करोगामुळे जठर काढलेली माणसे जगतात. त्यांना ब-१२ जीवनसत्त्व सुईवाटे किंवा औषधरूपाने मुद्दाम द्यावे लागते, कारण ते शोषले जाण्यास लागणारा एक पदार्थ जठरच तयार करते. आणि त्यांना दिवसातून अनेकदा थोडेथोडे खावे लागते, कारण कोठार गेलेले असते.

लहान मुलाचे कोठार मुळातच लहान असते. म्हणून दोन वेळच्या भरपेट जेवणावर प्रौढ निभावून नेतो, तसे सहा-सात वर्षांच्या मुलाला साधत नाही. मिश्र जेवण जठरातून पुढे सरकण्यास साधारण तीन-चार तास लागतात; तेलातुपाचे असेल तर अधिक; साधे पाणी अर्ध्या तासात बरेचसे निघून जाते. चहाही जवळजवळ तसाच. सकाळी कपभर चहा पिऊन शाळेत आलेल्या मुलाचे जठर प्रार्थना संपेपर्यंत पुन्हा रिकामे झालेले असते, ही गोष्ट हजेरी घेताना ध्यानात असावी. ऊसतोडीला गेलेल्या किंवा पहाटे शेतावर जाणाऱ्या आईबापांची मुले पुष्कळदा आदल्या रात्रीनंतर काहीच न खाता येतात. रिकाम्या जठरात व आतड्यात दर दीड-दोन तासांनी उरलासुरला ऐवज पुढे ढकलणाऱ्या जोरकस लाटा येतात. त्यांतील वारा व पाणी हलले की जो आवाज होतो, त्यालाच आपण पोटात कावळे ओरडणे म्हणतो. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना जठरातच तयार होणारा घ्रेलिन हा पदार्थ सापडला. तो रक्तातून मेंदूकडे जातो आणि भूक जागवितो. मूल फळ्याकडे पाहत असते, पण त्याच्या मेंदूला निरोप दुसरीकडून येत असतो.

शाळेत अन्न देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर धान्याऐवजी शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. या जेवणाचा हिशेब ठेवताना शिक्षक मेटाकुटीला येतात, हे खरे आहे. तथापि रचनाशास्त्राच्या दृष्टीने पाहता दुपारची ती खिचडी ठीक त्या वेळी येते जेव्हा बहुतेक जठरे रिकामी असतात. रात्रीपासून उपाशी असलेले मूल अधाशीपणे जेवते आणि त्याला मळमळते. त्याला आधी थोडे, मग थोड्या वेळाने आणखी वाढावे. लोहाच्या गोळ्याही जेवणानंतरच द्याव्यात. रिकाम्या जठरात त्या अस्तराला झोंबतात, चार मुलांना मळमळते, आणि दुसऱ्या आठवड्यात निम्मा वर्ग गोळी घेण्यास नकार देतो.

आता दुखण्याविषयी. मुलाला "कोठे दुखते?" असे विचारून एका बोटाने जागा दाखविण्यास सांगावे. जठराची जळजळ बहुधा बरगड्यांच्या मधल्या खळग्यात जाणवते. भुकेची, जंतांची किंवा मन धास्तावल्याची कळ पुष्कळदा बेंबीभोवती असते. परंतु जे दुखणे बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत पोटाच्या खालच्या उजव्या बाजूस सरकते, ज्यात चालताना किंवा खोकताना कळ वाढते, उलटी होते व ताप येतो, ते आंत्रपुच्छाचे असण्याचा संभव असतो. अशा पोटाला चोळणे, शेकणे किंवा एरंडेल पाजणे घातक होय. सुजलेले आंत्रपुच्छ फुटू शकते. मुलास काही न खाऊ घालता त्याच दिवशी दवाखान्यात पोचवावे. हिरवी किंवा रक्ताची उलटी, दगडासारखे ताठ झालेले पोट, डांबरासारखी काळी शौच ही लक्षणेही थांबण्याची नव्हेत.

जठरातील जखमा, म्हणजे अल्सर, तिखटाने व काळजीने होतात असे डॉक्टरही दीर्घकाळ सांगत असत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांना १९८२ साली जठराच्या अस्तरात राहणारा नागमोडी जंतू प्रयोगशाळेत वाढविता आला. ईस्टरच्या सुटीमुळे काचेच्या बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या, म्हणून तो वाढलेला दिसला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हे अल्सरचे दुसरे मोठे कारण. अंगदुखीसाठी दुकानातून सुटी गोळी आणून उपाशीपोटी घेण्याची खेड्यातील सवय पालकसभेत काढण्यासारखा विषय आहे.

नाणे गिळणे हा शाळेतील नेहमीचा प्रसंग. नाणे अन्ननलिकेतून उतरून जठरात पोचले, तर बहुधा निर्गमदारातून पुढे सरकून काही दिवसांत शौचावाटे पडते. मुलाला लाळ गिळता येत नसेल, छातीत दुखत असेल किंवा श्वास घुसमटत असेल, तर ते वरच अडकले आहे असे समजावे. घड्याळातील किंवा खेळण्यातील बटणासारखी चपटी बॅटरी मात्र नाण्यासारखी दिसली तरी नाणे नव्हे. अन्ननलिकेत अडकल्यास ती दोन तासांच्या आतही खोल भाजू शकते. तेथे केळी चारून वाट पाहण्यात एक क्षणही दवडू नये. खेळण्यातील दोन लोहचुंबक गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटीत धरून भोक पाडतात. तेही तितकेच तातडीचे.

सर्वांत कठीण प्रसंग विषाचा. शेतीच्या गावात फवारणीचे औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेले असते, आणि मूल ते पिते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविण्याची धडपड होते. ती करू नये. रॉकेल आणि पुष्कळशी फवारणीची औषधे उलटीबरोबर फुप्फुसात शिरतात. शौचकूप धुण्याचे आम्ल किंवा कॉस्टिक सोडा जाताना अन्ननलिका एकदा भाजतो आणि येताना दुसऱ्यांदा. जठराला श्लेष्माचा जाड लेप आहे, अन्ननलिकेला तसा नाही. ताक, तूप, कच्चे अंडे यांपैकी काही पाजू नये. शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. मुलाला डाव्या कुशीवर निजवावे. उलटी आपोआप झालीच, तर ती तोंडावाटे बाहेर वाहून जाते. शिवाय जठराचा फुगीर भाग डावीकडे व निर्गमदार उजवीकडे असल्याने या स्थितीत ऐवज पिशवीतच अधिक काळ राहतो आणि आतड्यात उशिरा उतरतो. अंगावर सांडलेले औषध पाण्याने धुवावे, भिजलेले कपडे काढावेत, हे करताना स्वतःचे हात पिशवीने झाकावेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. आणि ज्या बाटलीतून मूल प्याले ती बाटली, तसेच औषधाचा मूळ डबा, चिठ्ठी फाटलेली असली तरी, सोबत द्यावा.